वाक्चातुर्याचा आकडा : संहितारूप भूमिकाखेळ आणि गोंधळातील आख्यान

१

पात्राच्या अंगी असलेला गुण लेखकाने नुसता सांगितला आहे की तो संहितेतून प्रत्ययास आणून दिला आहे, हा कथनसाहित्याच्या समीक्षेतील एक जुना निकष आहे. नायिका हजरजबाबी आहे असे निवेदकाने पाच वेळा सांगितले आणि तिच्या तोंडी लक्षात राहील असे एकही उत्तर घातले नाही, तर वाचक निवेदकावर विश्वास ठेवीत नाही. संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या संहितारूप भूमिकाखेळांना हा निकष लावू गेल्यास मात्र एक वेगळाच पेच उभा राहतो. या खेळांत पात्राचे वाक्चातुर्य पुष्कळदा निवेदनातूनही येत नाही आणि संवादातूनही येत नाही. ते एका आकड्याने नोंदविलेले असते. या आकड्याला तेथे स्थान असावे काय, हा प्रश्न वरवर पाहता खेळाच्या नियमांपुरता आहे. वस्तुतः तो उक्ती, वक्ता आणि श्रोता यांच्या परस्परसंबंधाचा, म्हणजे साहित्यविचाराच्या कक्षेतलाच प्रश्न आहे.

येथे ज्या रचनेचा विचार करावयाचा आहे तिचे स्वरूप प्रथम पाहणे आवश्यक आहे. अनेक खेळाडू आपापल्या ठिकाणाहून एका सामायिक कल्पित विश्वात प्रवेश करतात. तेथे चित्र नसते, आवाज नसतो. स्थळ, वस्तू, हालचाल असे सारे शब्दांतच असते. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन त्याचे बोलणे आणि त्याची कृती लिहितो, दुसऱ्याने लिहिलेले वाचतो आणि लगोलग प्रतिसाद देतो. संहिता आधी लिहिलेली नसते. लेखन आणि प्रयोग एकाच वेळी घडतात. याच्या जोडीला प्रत्येक पात्राचे एक गुणपत्रक असते. बळ, चपळाई, शस्त्रविद्या यांप्रमाणे मन वळविणे, थाप मारणे, धाक घालणे यांचेही अंक त्यात असू शकतात. प्रसंग आला की फासा, किंवा फाशाचे काम करणारी संगणकीय आज्ञा, या अंकांच्या आधारे यशापयश ठरविते.

या गुणपत्रकाचा इतिहास उद्बोधक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजावर खेळावयाचा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पात्राचे सहा मूलगुण मानलेले होते आणि तीन फासे टाकून प्रत्येक गुणाला ३ ते १८ यांमधील अंक मिळत असे. सहावा गुण 'करिश्मा'. परंतु या पहिल्या रूपात करिश्म्याचे कार्य मर्यादित होते : पात्राच्या पदरी किती माणसे राहतील आणि ती कितपत एकनिष्ठ असतील, हे प्रामुख्याने त्यावरून ठरत असे. १९९१ च्या 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड' या खेळात करिश्मा, चलाखी आणि रूप असे तीन सामाजिक गुण वेगळे काढण्यात आले. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत थाप, मुत्सद्देगिरी आणि दरारा ही स्वतंत्र कौशल्ये झाली. पदरच्या माणसांची निष्ठा मोजणारा आकडा अशा रीतीने हळूहळू प्रत्यक्ष बोलण्याचा आकडा बनत गेला.

दुसरीकडे, १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी आरंभिलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेलेला 'मड' हा संगणकीय खेळ सर्वस्वी शब्दांचा होता. १९८९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अस्पनेस यांनी रचलेल्या 'टायनीमड'ने तर लढाया आणि गुणसंख्या बाजूला सारून केवळ संभाषण व स्थळरचना यांना वाव दिला. मेजावरील खेळातले आकडे आणि जाळ्यावरील खेळातले संभाषण हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले, आणि प्रस्तुत वाद या संगमावर उभा आहे.

२

सामाजिक कौशल्यांकाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. कृश प्रकृतीचा खेळाडू मल्लाची भूमिका घेतो तेव्हा त्याला कोणी जोर काढून दाखवावयास सांगत नाही. मग संकोची खेळाडूने मुत्सद्द्याची भूमिका घेतली असता त्याच्याकडून मुत्सद्द्याच्या भाषणाची अपेक्षा का करावी? भूमिका म्हणजे आपण जे नाही ते होऊन पाहणे. जो आधीच वाक्पटू आहे त्यालाच वाक्पटू पात्र शोभेल असा नियम झाला, तर भूमिकेला अर्थच उरत नाही.

या युक्तिवादाची खरी धार परभणीसारख्या जिल्ह्यात उभे राहून पाहिले असता जाणवते. जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील खेड्यातून पदव्युत्तर वर्गात आलेला विद्यार्थी आपल्या बोलीत ओट्यावर बसून चार माणसे हसवू शकतो, भांडण मिटवू शकतो. चर्चासत्रात प्रमाणभाषेत दोन वाक्ये बोलताना तोच अडखळतो. त्याचे वाक्चातुर्य नाहीसे झालेले नसते. ज्या भाषेत ते मोजले जाते ती भाषा त्याची नसते. हे खेळ तर बहुतांशी इंग्रजीत चालतात. तेथे 'चांगले बोला आणि जिंका' हा नियम प्रत्यक्षात 'चांगले इंग्रजी लिहा आणि जिंका' असा होण्याचा संभव असतो. आकडा हा अशा खेळाडूच्या दृष्टीने एक प्रकारचे संरक्षण ठरतो. त्याचे वाक्य तोकडे पडले तरी त्याच्या पात्राचा अंक तोकडा पडत नाही. कौशल्यांकाला विरोध करणाऱ्या कोणत्याही भूमिकेला या आक्षेपाचे उत्तर द्यावेच लागेल.

३

तथापि मल्लाचा दृष्टान्त जेवढा सोयीचा दिसतो तेवढा तो निर्दोष नाही. शब्दांच्या माध्यमात तलवार ही 'तलवार' या शब्दाने सूचित होते. शब्द आणि वस्तू यांत अंतर असते. म्हणून वार बसला की नाही हे ठरविण्यासाठी शब्दाबाहेरचे काही साधन लागते, आणि फासा ते पुरवितो. बोलण्याचे तसे नाही. संहितेत बोलणे हे बोलण्यानेच येते. पात्राने उच्चारलेले वाक्य आणि वाचकासमोर असलेले वाक्य एकच असते. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. संहितारूप खेळात त्यांपैकी वाचिक तेवढे प्रत्यक्ष असते, उरलेल्या तिन्हींना वर्णनाचा आधार घ्यावा लागतो. जे एकमेव प्रत्यक्ष आहे त्याच्याच जागी आकडा आणून बसविणे म्हणजे माध्यमाने आपल्या हातातले एकुलते एक साधन खाली ठेवणे होय.

नाटकातील नट आणि हा खेळाडू यांची तुलना येथे उपयोगी पडेल. १९६४ सालच्या 'सवाल माझा ऐका' या चित्रपटात सवाल-जवाबाचा सामना रंगतो. पण जयश्री गडकर यांना शीघ्रकवित्व अवगत असण्याची गरज नव्हती, कारण सवाल आणि जवाब दोन्ही आधीच रचलेले होते. नटाच्या अंगी नसलेले चातुर्य लेखक पुरवितो. लेखक चातुर्य पुरवितो म्हणजे काय करतो? तो शब्द देतो. कौशल्यांक मात्र खेळाडूला लेखकाचे आश्वासन देतो आणि शब्द देत नाही. अठरा अंकांचा वक्ता 'मी सभेला मन वळविणारे भाषण करतो' एवढेच लिहितो, फासा अनुकूल पडतो आणि सभा वळते. सभेतील इतर पात्रे ज्यांची आहेत त्या खेळाडूंपुढे ते भाषण कधीच आलेले नसते.

यातून दुसरी, अधिक गंभीर अडचण उद्भवते. ज्याचे मन वळवावयाचे ते पात्र खेळाच्या चालकाचे असेल तर फाशाचा कौल फारसा टोचत नाही. पण ते दुसऱ्या खेळाडूचे असेल, तर त्याच्या पात्राला काय वाटले हे त्याला न विचारता बाहेरून ठरविले जाते. वार बसला हे बाहेरून सांगता येते. पटले हे ज्याचे त्यानेच सांगावयाचे असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत, आणि त्यांवरून १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, उच्चार, उच्चारातून घडणारी कृती आणि उच्चारामुळे श्रोत्यावर होणारा परिणाम यांत भेद केला आहे. धमकी देणे हे वक्त्याच्या हाती असते, घाबरणे हे श्रोत्याकडे. कौशल्यांक हा भेद पुसून टाकतो आणि श्रोत्याचा परिणाम वक्त्याच्या गुणपत्रकात जमा करतो.

४

आधी न लिहिलेली संहिता, विषम कुवतीचे कलावंत आणि समोर तत्काळ प्रतिसाद देणारा श्रोता, ही परिस्थिती संगणकाने प्रथम निर्माण केली असे नव्हे. मराठवाड्यातील गोंधळ ही नेमकी अशीच परिस्थिती शतकानुशतके हाताळीत आलेला आहे. परभणीचे राजारामबापू कदम यांच्यामुळे या जिल्ह्याचे नाव गोंधळाच्या संदर्भात महाराष्ट्रभर घेतले गेले. तेव्हा वाक्चातुर्याची विषमता कशी सांभाळावी, हे या परंपरेकडून समजून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

गोंधळ हा मुळात कुलाचार आहे. चौक भरला जातो, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे यांच्या साथीने गण, देवतांचे आवाहन व स्तवन होते आणि मग आख्यान उभे राहते. मुख्य गोंधळी कथा सांगतो, गातो, क्षणात राजा होतो तर क्षणात राणी होतो. आख्यानाचा सांगाडा ठरलेला असतो. संवाद त्या रात्रीचे असतात. यात महत्त्वाचे स्थान आहे ते साथीदाराचे. तो मध्येच प्रश्न विचारतो, न समजल्याचे सोंग आणतो, भलताच अर्थ काढतो, आणि त्याला समजावून सांगण्याच्या निमित्ताने मुख्य गोंधळ्याला पुढचे वाक्य सापडते. नवशिक्या कलावंताजवळ परंपरेने दिलेली वर्णने, ठराविक पदे आणि उत्तरांचे साचे असतात. त्यांवर टेकून तो वेळ निभावतो आणि ऐकून ऐकून स्वतःचे बोलू लागतो. म्हणजे कमी कुवतीच्या कलावंताला परंपरेने सोडून दिलेले नाही. तिने त्याला शब्दांचा साठा दिला, साथ दिली आणि संबळाच्या ठेक्यावर श्वास घ्यावयास अवधी दिला. त्याला बोलण्यापासून सूट मात्र दिली नाही.

विठ्ठल उमप यांनी रंगमंचावर लोकप्रिय केलेले जांभूळ आख्यान या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उपजलेली ओढ हा त्याचा विषय. या कथेच्या एका प्रचलित रूपात असा प्रसंग येतो : ऋषीचे जांभूळ झाडावरून तोडले गेले आहे आणि ते पुन्हा देठाला लागावे म्हणून प्रत्येकाने आपल्या मनातले खरे सांगावयाचे आहे. पांडव सांगतात तसतसे फळ वर चढते. द्रौपदी मन झाकून बोलते तेव्हा ते खाली येते. ती कर्णाचे नाव घेते तेव्हाच देठाला चिकटते. उक्तीचे माप दाखविणारे साधन लोकपरंपरेला अपरिचित नव्हते, हे यावरून दिसते. परंतु हे माप कशाचे आहे ते पाहावे. जांभूळ भाषेच्या अलंकरणाला प्रतिसाद देत नाही, बोलणाऱ्याच्या कुळालाही देत नाही. काय सांगितले गेले यालाच ते प्रतिसाद देते. शिवाय ते उक्तीच्या नंतर हलते, आधी नव्हे. द्रौपदीच्या वतीने फासा टाकून तिची कबुली झाली असे धरून चालता आले असते, तर आख्यानच उरले नसते.

या प्रसंगात संकोची खेळाडूच्या प्रश्नाचेही अर्धे उत्तर आहे. प्रसंगाला शोभणारे बोलणे म्हणजे भारी बोलणे असे समीकरण जुन्या काव्यशास्त्रानेही मान्य केलेले नाही. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले ते याच अर्थाने. द्रौपदीची कबुली दोन शब्दांचीही चालते. अडखळत लिहिलेले परंतु प्रसंगाला नेमके भिडणारे वाक्य जर चालकाला आणि सहखेळाडूंना कमअस्सल वाटत असेल, तर दोष त्या वाक्याचा नव्हे, वाचनाचा आहे. आणि वाचनातील दोष आकड्याने दुरुस्त होत नाही, झाकला मात्र जातो.

५

तर मग आकड्याला या खेळात स्थानच नाही काय? असा निष्कर्ष काढणेही उतावीळपणाचे होईल. बोलण्याचा परिणाम केवळ बोलण्याने घडत नाही. गोंधळ्याच्या आवाहनाला जे वजन असते ते त्याच्या शब्दांइतकेच यजमानाच्या निमंत्रणाचे, दिवटीचे आणि परंपरेने त्याला दिलेल्या अधिकाराचे असते. तेच शब्द वाटसरूने उच्चारले तर गोंधळ होत नाही. येथे तीन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात : उक्ती, पत आणि परिणाम. उक्ती वक्त्याची, ती खेळाडूनेच द्यावयाची. परिणाम श्रोत्याचा, तो ज्याचे पात्र आहे त्याने ठरवावयाचा. पत मात्र दोघांच्याही हातात पूर्णपणे नसते. गावात कोणाच्या शब्दाला किती मान आहे, कोणावर कोणाचे उपकार आहेत, कोणाचे नाव ऐकून दार उघडते, ही त्या कल्पित समाजाची स्थिती होय. ती संहितेच्या एखाद्या वाक्यात मावत नाही, आणि म्हणून तिची नोंद आकड्याने ठेवण्यास प्रत्यवाय नसावा. १९७४ च्या करिश्म्याने पदरची माणसे आणि त्यांची निष्ठा तेवढी मोजली होती. त्या आकड्याची योग्य मर्यादा बहुधा तीच होती.

परंतु पतीचा आकडाही निर्धोक नाही. पात्र जन्माला येताना फासा टाकावा आणि त्याच्या शब्दाची किंमत कायमची ठरावी, ही रचना भारतीय वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. जन्माने ठरलेली, बोलण्याने न बदलणारी पत म्हणजे काय, याचा अनुभव या समाजाने खेळाबाहेर पुरेसा घेतलेला आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. नामदेवांच्या घरची दासी हे त्यांचे सामाजिक स्थान. त्या काळी कोणी पतीचे पत्रक मांडले असते, तर स्त्री आणि दासी म्हणून त्यांच्या नावापुढे तळाचा अंक पडला असता. दळणकांडण करणाऱ्या या स्त्रीने आपल्या नाममुद्रेतही दासीपण लपविले नाही; आणि तरीही तिचे शब्द सातशे वर्षे ऐकले जात आहेत. उक्तीने पत घडविली, पतीने उक्ती नव्हे. ज्या खेळाच्या नियमांत जनाबाई अशक्य ठरते, तो खेळ समाजाचे चित्रण करीत नाही. समाजातील एक जुनी अट तो पुन्हा लादतो.

म्हणून पतीच्या आकड्यावर दोन बंधने आवश्यक आहेत. पहिले, तो उक्तीच्या आधी प्रसंगाची परिस्थिती म्हणून उभा राहावा, उक्तीच्या जागी नव्हे. कमी पतीच्या पात्राला दार उघडून घेण्यास अधिक यातायात पडेल, पण दाराशी काय बोलावे हे त्याचे त्यानेच ठरवावे. दुसरे, जे बोलले गेले त्याने तो आकडा बदलता यावा, आणि तो का बदलला हे सर्वांना संहितेतच दाखविता यावे.

६

एक आक्षेप उरतो. प्रत्येक संभाषण विस्ताराने लिहिलेच पाहिजे असा आग्रह धरला तर खेळ चालणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. आख्यानकारही प्रत्येक संवाद उभा करीत नाही. दूत गेला, निरोप दिला, राजा राजी झाला, हे तो एका ओळीत सांगून टाकतो. निवेदन हे संवादाइतकेच अस्सल साधन आहे. बाजारात भाव ठरविणे, पहारेकऱ्याची नजर चुकविणे अशा किरकोळ प्रसंगी आकडा आणि फासा यांनी निवेदनाचे काम केले तर त्यात काही बिघडत नाही. मात्र कोणता प्रसंग सांगून टाकावा आणि कोणता उभा करावा याची जाण हीच आख्यानकाराची खरी कसोटी असते. जांभळाचा प्रसंग जो एका ओळीत सांगून टाकतो त्याला आख्यान कळले नाही असेच म्हणावे लागेल. जेथे कथेची गाठ एखाद्या वाक्यावर बसलेली आहे तेथे ते वाक्य लिहिलेच गेले पाहिजे, मग ते कितीही ओबडधोबड असो.

पालमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाजूने केलेला युक्तिवाद अखेरीस येथे येऊन पोहोचतो. त्याच्यावर अन्याय होतो हे खरे आहे, पण आकडा देऊन तो दूर होत नाही. आकडा त्याला सांगतो की तू बोलला नाहीस तरी चालेल; त्याच्या नावे विजय नोंदला जातो, आणि त्याचे बोलणे आहे तेथेच राहते. गोंधळाची परंपरा त्याला निराळे काही देऊ करते : ओठावर येतील असे साचे, अडल्या ठिकाणी प्रश्न विचारून वाक्य काढून घेणारा साथीदार, थोडा अवधी, आणि बोलीतले वाक्यही वाक्यच आहे असे मानणारा श्रोता. या चारही गोष्टी संहितारूप खेळात आणता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही गुणपत्रकात रकाना लागत नाही. लागतो तो साथीदार, आणि तो इतर खेळाडूंमधूनच पुढे यावयाचा असतो.